खंजिरीचा जास्तीचा ठोका

नत्थुजी आणि मी अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये जन्मभर राबलो. मी आवारात कापसाच्या गाठी लादायचो. तो आत, सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या रांगेत पट्टे आणि रूळ बघायचा. बडनेऱ्याहून रोज गाडीने यायचा. पट्टा सुटण्याआधी ज्याला कळतं तो खरा कामगार, आणि नत्थुजी तसा होता. पण त्या रांगेने त्याचे कान नेले. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. कुकरची शिट्टी त्याच्यासाठी केव्हाच बंद झाली.

त्याची बायको माणिकबाई महिला भजन मंडळात खंजिरी वाजवायची. लाकडी कडं, त्यावर कातडं, कडेला पितळी चकत्या. बोटांचा ठोका जाड, चकत्यांचा नाद बारीक. तरुणपणी गल्लीच्या तोंडाशीच त्याला चकत्या ऐकू यायच्या आणि त्याचे पाय उचलायचे. एका वर्षी तो तिला म्हणाला, "तू आजकाल हलकं वाजवून राहिली."

गेल्या पोळ्याआधी माणिकबाई गेली. मंडळाची भजनं त्याआधीच रेकॉर्ड झाली होती. प्रत्येकीचा आवाज वेगळ्या माईकवर घेतलेला होता, पण मिक्सिंग राहून गेलं होतं. यंदा मंडळाने ते काम हाती घेतलं. नत्थुजीने मला निरोप दिला, "तू संग चाल. मले एकट्याले समजणार नाही."

धर्मपालची रेकॉर्डिंगची खोली बडनेऱ्यात सायकलच्या दुकानावर आहे. आम्ही गेलो तेव्हा लीलाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. मंडळात मुख्य गळा त्यांचाच. धर्मपालने संगणकावर इक्वलायझर लावला. आवाजातलं जाड-बारीक कमीजास्त करायचं ते साधन. त्याचा एआयवाला होता. तो आधी स्वतः ऐकतो, मग काय दाबायचं आणि काय उचलायचं ते ठरवतो. पडद्यावर एक रेघ उमटली. एका टोकाला ती खोल खाली गेली.

"हे खंजिरीचं हाय," धर्मपाल म्हणाला. "मशीन म्हणते, ठोका जास्तीचा हाय. घुमते. गाणाऱ्या बाईच्या गळ्यावर येते. म्हणून त्याने दाबला."

भजन सुरू झालं. स्वच्छ होतं. लीलाबाईंचा शब्द न् शब्द कळत होता, चकत्या मागे हलक्या झुळझुळत होत्या. लीलाबाई खूश झाल्या.

नत्थुजी म्हणाला, "इच्यात माणिक कुठी हाय?"

"वाजून राहिली ना, काका."

"मले नाही येत."

धर्मपालने चकत्या उचलल्या. मग आणखी उचलल्या. लीलाबाईंनी कानांवर हात ठेवले. "कानात टाचण्या टोचतं का बाप्पा?"

नत्थुजी धर्मपालच्या हाताकडे बघत होता. "चकत्या सुरू केल्या का?" त्याने विचारलं.

धर्मपालने चकत्या खाली आणल्या. एआयची रेघ बंद केली, बाकी सगळे आवाज बंद केले आणि एकटी खंजिरी लावली.

धप. धप-धप. धप.

नत्थुजीची मान वर झाली. तो उठला, स्पीकरजवळ गेला आणि खोक्यावर तळहात ठेवला.

"एवढ्या जोरानं?" तो म्हणाला. "घरात तं ती दाराची कडीबी हळू लावे."

"तुमच्याचपायी," लीलाबाई म्हणाल्या. "तुमी तिले म्हटलं होतं ना, हलकं वाजवते म्हणून. तवापासून ती कातडं फाटेल असं ठोकत जाय. आमी रागावलो तिले. बोटाले पट्ट्या बांधून येत जाय. म्हणे, त्याइले ऐकू आलं पायजे."

"मले कदी बोलली नाही."

"तुमाले बोलून ऐकू आलं असतं?"

नत्थुजी थोडा हसला. हात खोक्यावरून काढला नाही.

धर्मपाल म्हणाला, "काका, मशीनले हे कसं कळन? सगळ्याच भजनात ठोका असाच ठेवू का?"

"नको. मंडळाच्या गाण्यात मशीननं केलं तसंच राहू दे. लीलाबाईचा गळा ऐकू आला पायजे लोकाइले. त्याइनंबी मेहनत केली." मग म्हणाला, "मले हे वेगळं करून दे. एकलीच खंजिरी. काही दाबू नको."

धर्मपालने तसं त्याच्या मोबाईलवर करून दिलं आणि घरी लावायला एक जुना मोठा स्पीकरही दिला. तो मी जिन्यावरून उतरवला. जड होता. नत्थुजी म्हणाला, खाली ठेवू नको, आपटलं तर आतलं सुटते.

आता दुपारी कधी मी त्याच्या घरी जातो. स्पीकर बाजेजवळ असतो, त्याचा हात त्यावर टेकलेला असतो. ठोका येतो, त्याची बोटं हलतात. मधेच तो माझ्याकडे बघतो.

"चकत्या वाजून राहिल्या का?"

"वाजून राहिल्या."

"कशा?"

मी कान देतो. सांगता येण्यासारखं त्यात काही नसतं.

"पयलेसारख्या," मी म्हणतो.

तो मान डोलावतो आणि दाराबाहेर गल्लीच्या तोंडाकडे बघत बसतो.