ओमा एर्नाचं रानद्राक्ष

ओमा एर्नाने, म्हणजे एर्ना आजीने, एका परदेशी पाहुण्याला विष घालून त्याची वाचा घालवली, असं आमच्या वस्तीत अजून सांगतात. साफ खोटं. एर्नाने त्याला घोटभर चहासुद्धा दिला नव्हता.

एर्नाच्या आईच्या थडग्याच्या उशाशी एक रानद्राक्ष होतं. घागरीएवढं पोट, कागदासारखी सुटणारी साल, वर लाल घोस. आईला पुरलं तेव्हाही ते एवढंच होतं. एर्ना शेळ्यांमागे गेली असताना त्या पाहुण्याने भरदुपारी ते कुदळीने उपटलं, गोणीत कोंबलं आणि जाता जाता चार द्राक्षं तोंडात टाकली. आमची शेळीसुद्धा त्यांना तोंड लावत नाही! नाक्यावर पोलिसांनी विचारलं, "गोणीत काय?" तर ह्याची जीभ सुजून वांग्याएवढी. तिथेच सापडला.

चोर जामिनावर सुटला. झाड मात्र पुरावा म्हणून चौकीत अडकलं.

"माझ्या आईच्या उशाचं आहे ते. दे परत!" एर्ना दर सोमवारी चौकीत जाऊन कडाडायची.

"खटला तर संपू दे, मेमे." हवालदार अमाधिला उत्तरेकडचा, पाण्यापावसाच्या मुलखातला, तिकडे वडीलधाऱ्या बायांना मेमेच म्हणतात.

"चोराला घर आणि झाडाला कोठडी! वा रे तुमचा न्याय!"

एका सोमवारी त्याने मोठ्या कौतुकाने कोठीचं दार उघडलं. "बघ मेमे, सगळी पानं गळाली होती बिचाऱ्याची. मी रोज बादलीभर पाणी घालतोय."

एर्नाने खोड दाबून पाहिलं. बोट आत रुतलं.

"अरे मूर्खा! मेलं नव्हतं, झोपलं होतं ते! हिवाळाभर झोपतंच! चोराने नुसतं उपटलं, तू बुडवलंस! तुझ्या आईवर झोपेत कुणी बादली ओतली तर?"

आवाज ऐकून मोठे साहेब बाहेर आले. त्यांनी झाडाचा फोटो काढला, एर्नाची सही घेतली आणि म्हणाले, "ने बाई, ने."

घरी तिने सुरीने कुजका भाग कापला, पांढरं लागेपर्यंत कापला. राख चोळली, सावलीत आडवं टाकलं. दोन महिने पाण्याचा थेंब नाही.

इकडे नळावरच्या रांगेत मी कमरेवर हात ठेवून, नाकपुड्या फुगवून "झोपलं होतं ते!" अशी एर्नाची नक्कल करत होते. लोक हसायचे अचानक थांबले. मागे एर्ना उभी.

"मेलं असं वाटतं तुला?"

"लाकूड झालंय त्याचं, ओमा. पैज!"

"जिंकलीस तर एक करडू तुझं. हरलीस तर हीच नक्कल माझ्या तोंडावर. इथेच, सगळ्यांदेखत."

ऑक्टोबरात, आमच्याकडचा जून-ऑगस्टचा हिवाळा सरल्यावर, पावसाचा पत्ता नसताना, त्या वाळक्या खोडातून हिरवी बोटं निघाली. एर्नाने ते आईच्या उशाशी पुन्हा लावलं आणि तशीच, मातीच्या हातांनी, मला मनगटाला धरून नळावर नेलं. केली मी नक्कल. सगळी. ती शेवटपर्यंत न हसता ऐकत राहिली.

"आवाज जमला," म्हणाली. "राग कुठाय त्यात? पुन्हा कर."