शिमग्याआधीची कातरणी

गारा थांबल्या तेव्हा मेंढरं एकमेकांना चिकटून उभी होती. त्यांतली काही उभ्याउभ्याच मेली होती. शेजारचं सरकलं की पडत होती. सुनेनं एका मेंढीला उठवायला हात घातला. मी म्हटलं, ती सोड, तिच्या मागची बघ.

बहुतेकांची अंगं उघडी पडली होती. त्याच आठवड्यात आम्ही त्यांची लोकर कातरली होती, आणि ती माझ्या सांगण्यावरून.

आमच्यात कातरणी शिमगा झाल्यावर होते. तोवर थंडी गेलेली असते. यंदा माघातच ऊन असं तापलं की मेंढरं सकाळीच चरायचं सोडायची आणि एकमेकांच्या सावलीत मुंडी घालून धापा टाकायची. देवगाव रंगारीच्या अलीकडं, हरभरा काढून मोकळ्या झालेल्या एका रानात आमचा मुक्काम होता. माझा नवरा म्हणत होता, शिमगा होऊ दे. मी म्हटलं, ऊन काय तुमचा शिमगा बघून येतं? पाऊस वेळेवर नाही, थंडी वेळेवर नाही, मग आपणच का तिथी धरून बसायचं? माझं बोलणं खोटं नव्हतं. ऊन लवकर आलंच होतं. ते टिकणार, हे मात्र मी आपल्या मनानं धरलं.

तीन दिवस तो कातरत होता. मग त्याचं मनगट सुजलं. बावीस मेंढरं राहिली. उद्या करतो, म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी सुनेसमोर त्याला कामचुकार म्हटलं.

पाचव्या दिवशी दुपारी आभाळ भरलं. आधी गार वारा, मग पाऊस, मग बोराएवढ्या गारा. रानात आडोसा नव्हता. नवऱ्यानं अंगावरचं घोंगडं काढून दोन गाभण मेंढ्यांवर टाकलं.

लोकर आता कोणी घेत नाही, म्हणून ती बांधावर टाकून दिली होती. गारा थांबल्यावर मी तीच कवेत भरून आणली आणि मेंढरांच्या पाठीवर घालू लागले. ती भिजून गच्च झाली होती. घालावी तशी घसरून चिखलात पडायची. नवरा बघत उभा होता.

"आता परत चिकटवती व्हय?"

सून म्हणाली, "मामा, आत्याला नका बोलू."

"बोलत नाय. इचारतोय."

नंतर त्यानं तो विषय कधी काढला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

घोंगड्याखालच्या दोघी अंधार पडायच्या आत गेल्या. कातरलेल्यांतली नऊच उरली. न कातरलेली बावीसच्या बावीस जगली. आम्ही तिघंही जगलो.