जावळीची झाडं आणि न संपणारा डाव

हल्लीच्या पोरांना गेम हँग होणं म्हणजे काय ते माहीतच नाही. त्यामुळे बिचाऱ्यांकडे सांगायला काही नसतं! आमच्यातले दोघं जरी भेटले तरी एक किस्सा निघतो, त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो आणि समोरचा चहा गार होतो.

नव्वदीची शेवटची वर्षं. साताऱ्यात आमच्या सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. रविवारी क्लास बंद, पण आम्हाला किल्ली मिळायची. अट एकच, चप्पल बाहेर काढायची. धुळीने मशीन खराब होतं यावर सरांची देवापेक्षा जास्त श्रद्धा होती.

किल्ले बांधायचे, फौजा लढवायच्या, अशी एक गेम आम्ही खेळायचो. त्यात स्वतःचा नकाशा बनवायची सोय होती. मेढ्याच्या अनिलने त्यात सगळ्यात मोठ्या आकाराचा नकाशा घेतला आणि पार साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचा मुलूख बसवला. अजिंक्यतारा, कोयनेचं धरण, कृष्णा, घाट, आणि जावळीचं जंगल तर झाड न् झाड! वर्षभर तो हेच करत होता. अडचण एवढीच, की त्या नकाशावर डाव कधी संपायचाच नाही. कधी उघडतानाच, कधी मध्येच सगळं थिजायचं.

त्यातच अनिलची लष्करात निवड झाली. दिवाळीनंतर ट्रेनिंगला जायचं होतं. तो आम्हाला म्हणाला, "जायच्या आधी एक डाव शेवटपर्यंत झाला पायजे. मग मी मोकळा."

झालं! आम्हीही पेटलो. सरांनी तर कंदी पेढ्यांचा पुडा आणून कपाटावर ठेवला. जो जिंकेल त्याने फोडायचा.

*

पहिल्या रविवारी नकाशा लोड करायला घेतला. पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर आली आणि तिथेच बसली. आम्ही चहा पिऊन आलो, पट्टी तिथेच. मिसळ खाऊन आलो, तरी तिथेच.

सर चष्मा वर करून म्हणाले, "अनिल, मशीन विचार करतंय रे."

अनिल मांडी घालून बसला होता. म्हणाला, "करू द्या सर. जिल्हा मोठा हाय!"

*

मग कळलं की आमच्या मशीनची मेमरी कमी पडतेय. त्या काळी मेमरी म्हणजे सोन्याचा भाव. पण सांगलीचा दीपक आमचा दोस्त, त्याच्या मामाचं कॉम्प्युटरचं दुकान. त्याने तिथला दणकट सीपीयू खोक्यात घातला आणि एसटीने निघाला. खोकं मांडीवर, खाली ठेवायचं नाव नाही.

कंडक्टरने विचारलं, "काय हाय त्यात?"

दीपक उभ्याने प्रवास करून आधीच वैतागला होता. बसायला जागा नुकतीच मिळालेली. म्हणाला, "सातारा आन् सांगली, दोन्ही जिल्हे हायत!"

कंडक्टर शांतपणे म्हणाला, "मग लगेज लागंल."

*

दीपकच्या मशीनवर नकाशा उघडला. त्याच्या मशीनला आमच्यातलं बरं मशीन वायरने जोडलं. दीपक सांगलीचा, अनिल साताऱ्याचा. अनिलने भलीमोठी फौज गोळा करून सांगलीवर सोडली. कृष्णेवर अनिलने पूल ठेवला होता एकच, तोही अरुंद. सगळे घोडे पुलाच्या तोंडाशी अडकले. पुढचा हलेना, मागचा थांबेना. वाट शोधता शोधता मशीन दमलं आणि पडदा गोठला.

त्या दिवशी अनिलचे वडील आले होते. रिटायर सुभेदार. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. खुर्चीत ताठ बसून ते बघत होते.

"एवढ्या फौजंला योकच पूल? हा नकाशा कुनी काढला?"

"मी काढला, आबा."

आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग तुला भरती कुनी केलं?"

पुढच्या रविवारी नकाशात पूलच पूल होते.

*

मध्ये खंडेनवमी आली. सरांकडे दरवर्षी क्लासमधल्या सगळ्या मशीनची पूजा व्हायची. सरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, ती मनापासून केली. झेंडूचे हार, हळदकुंकू, अक्षता. त्यानंतरच्या रविवारी अनिलने नव्या पुलांच्या नकाशाची फ्लॉपी आत सारली, तर आतून करकर आवाज! फ्लॉपी वाचेना.

झाकण खोललं. आत हळद, कुंकू, तांदूळ आणि एक खडीसाखरेचा खडा.

चपलांवरून आमचा जीव खाणारे सर डोक्याला हात लावून बसले. "अगं, हे आत कसं गेलं?"

काकू म्हणाल्या, "तोंड उघडं दिसलं, म्हणून नैवेद्य दाखवला. चुकलं का काही?"

आम्ही दाताच्या ब्रशने दिवसभर प्रसाद काढत होतो. पण सोडलं नाही!

*

एवढं करूनही डाव रंगात आला की मशीन बसायचंच. शेवटी दीपकने दुखणं शोधलं. प्रत्येक झाडाचा हिशोब मशीनला ठेवावा लागत होता, आणि जावळीत झाडं बेसुमार होती.

"अन्या, झाडं काढ."

"न्हाई. झाडं काढल्यावर जावळी कसली? मोकळं रान हुईल!"

"अरं, मग डाव संपायचा कसा?"

"तुज्या सांगलीतलं काढ की कायतरी."

दीपक खरंच बसला आणि सांगलीकडचा सगळा हिरवागार ऊस पुसून टाकला. म्हणाला, "बघ, आमचा ऊस तोडला!"

अनिल म्हणाला, "ऊस तोडायचाच असतो रं!"

त्यावरून दोघांचं असं वाजलं की दीपक चहा न घेताच सांगलीला गेला. माझंही डोकं फिरलं होतं. झाडांपायी एवढ्या दिवसांची मेहनत पाण्यात जाणार, असं वाटून मी अनिलशी नीट बोललोसुद्धा नाही.

*

शेवटचा रविवार. अनिलची बॅग घरी भरून तयार होती. दीपक येईल की नाही याची धाकधूक होती, पण आला, खोकं मांडीवर घेऊनच! अनिल बसला आणि त्याने नकाशा उघडला. पट्टी सरसर पुढे गेली.

जावळी बोडकी होती. एक झाड सोडून. मेढ्याच्या बाजूला, एका घराच्या मागे, ते एकटंच उभं होतं.

दीपकने विचारलं, "हे का ठेवलं?"

"आमच्या परसातला आंबा हाय," अनिल म्हणाला. "चल, सुरू कर."

डाव चालला. काही थिजलं नाही, काही अडकलं नाही. आणि व्हायचं तेच झालं. जंगलच नव्हतं, मग अडवणार कोण? दीपकचे घोडे वळसा घालून मागच्या बाजूने, मोकळ्या जावळीतून साताऱ्यावर आले. मध्येच त्याचं तोफगाडे बांधायचं लाकूड संपलं, तेव्हा तो आंबा त्याच्या माणसांच्या अगदी पुढ्यात होता. दीपकने माणसं मागे फिरवली आणि पार मिरजेच्या पलीकडून लाकूड आणवलं.

अजिंक्यतारा पडला. अनिलच्या पडद्यावर तो हरल्याची पाटी आली. ती आम्ही त्या नकाशावर पहिल्यांदाच बघत होतो. मी कळ दाबायला हात पुढे केला, तर अनिलने मनगट धरलं. "थांब रं गड्या. बघू दे जरा."

मग तो उठला, कपाटावरचा पुडा काढला, फोडला आणि पहिला पेढा दीपकच्या तोंडात कोंबला.

सर गोंधळले. "अरे अनिल, हरलास ना तू?"

"व्हय सर!" अनिल डोळे पुसत हसला. "संपला की!"