शिवेबाहेर, थेट मलेशिया

आमच्या गावात दर तीन-चार वर्षांनी देव माणसांना घराबाहेर काढतो. एखाददुसऱ्याला नाही, अख्ख्या गावाला. तीन दिवस, तीन रात्री कुणी शिवेच्या आत थांबायचं नाही. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांनी बिऱ्हाड उचलून शिवेबाहेर जायचं. ह्याला गावपळण म्हणतात. त्या तीन दिवसांत गाव देवाचं. तो आणि त्याची मंडळी मोकळेपणी हिंडतात, असं आम्ही मानतो. आम्ही बाहेर माडाच्या झापांच्या झोपड्या घालून बांगडे भाजतो, भजनं करतो आणि पत्ते कुटतो. चौथ्या दिवशी देवाने कौल दिला की घरी परत. नाही दिला तर आणखी एक दिवस पत्ते.

हे आधी सांगते, कारण त्याशिवाय आमची मलेशियाची सहल कळायची नाही.

माझ्या आईचं सासर वरच्या वाडीत आणि माहेर खालच्या वाडीत. माहेरी जाऊन यायला तिला पाऊण तास पुरायचा, त्यातला अर्धा तास चहाला. लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत ती गावाबाहेर झोपली ती फक्त गावपळणीत. मालवणच्या बाजारात मासे विकायची, पण संध्याकाळच्या एसटीने घरी. मुंबईला म्हणून कधी गेली नाही. बाबा होडीवर, मी मालवणात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, धाकटा भाऊ नववीत. असे आम्ही चौघं, आणि चौघांत हट्टी मी, असा घरात सर्वांचा समज होता. तो २००९ साली मोडला.

त्या मे महिन्यात माझी मुंबईची आतेबहीण मलेशियात फिरून आली आणि फोटोंचा अल्बम घेऊन आमच्याकडे उतरली. उंच इमारती आईने भराभर उलटल्या. एका फोटोवर मात्र तिचा हात थांबला. थीम पार्कमधला उंचच उंच उतार, त्यावरून वाहणारं पाणी, आणि त्या पाण्यातून नाक खाली करून सुटलेली एक होडी. आत बसलेली माणसं दोन्ही हात वर करून हसत होती. आईने फोटो बाबांना दाखवला. बाबांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, आमची होडी अशी आपटली तर आम्ही देवाला नारळ देतो, आणि हे लोक तिकीट काढून आपटून घेतात. आईने फोटो परत घेतला. मग सहज, भात वाढता वाढता, म्हणाली,

"माका त्या होडयेत बसूचा आसा."

आम्ही हसलो. ती हसली नाही. माझ्या आठवणीत तिने स्वतःसाठी काही मागितल्याची ती पहिली वेळ. साडी आणली तर रंग कसाही चालायचा, जेवणात शेवटी उरलेला तुकडा तिला आवडायचा, दुखलं-खुपलं तर काही झालेलं नसायचं. तिला काहीतरी हवं होतं आणि ते नेमकं काय, हे तिला ठाऊक होतं. ह्या गोष्टीने मी इतकी हरखून गेले की त्या रात्री माझा डोळा लागेना.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. क्लास सुटल्यावर इंटरनेटसमोर बसायचं आणि तिकिटं शोधायची. मालवणातलं इंटरनेट तेव्हा एक पान उघडायला इतका वेळ घ्यायचं की मी मध्ये समोरच्या दुकानात वडा खाऊन यायची. मुंबईहून विमान परवडण्यासारखं नव्हतं. कोचीहून एक स्वस्तातलं विमान क्वालालंपूरला जायचं. त्यात जेवण नाही, सामान मोजकं, आणि एकदा काढलेलं तिकीट बदलायचं नाही की परत करायचं नाही. म्हणजे कुडाळहून आगगाडीने कोची, तिथून विमान, तिथे तीन दिवस, आणि असंच परत. जेवणासाठी घरून कुळथाच्या वड्या, भाजलेली सुकट आणि पोळ्या. सुकटीचा वास विमानात चालेल का, असं भावाने विचारलं. बाबा म्हणाले, विमान ज्यांना परवडतं त्यांना वास येतो, आपण स्वस्तातल्या विमानाने जाणार.

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार घरी आला. आईला त्याने विचारलं, आजवर कुठे कुठे राहिलात? आईने खरं तेच सांगितलं, गावपळणीतल्या जागा ओळीने सांगितल्या. पहिली आंब्याखाली, दुसरी ओढ्याकडे, तिसरी माडांच्या भाटल्यात. हवालदार मुकाट्याने लिहून घेत होता.

आता माझा शहाणपणा. तिकिटं ऑगस्टमध्ये काढली तरच स्वस्त पडत होती, प्रवास डिसेंबरचा. आणि त्या वर्षी गावपळणीची पाळी होती. तिची तारीख देवदिवाळीनंतर कौल लावून ठरते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण मी कॉम्प्युटर शिकवणारी. मागच्या पाच गावपळणींचे दिवस म्हाताऱ्यांकडून विचारून काढले, कागदावर मांडले आणि देव ह्या वेळी कोणता दिवस देणार हे स्वतःच ठरवलं. माझ्या मते गावपळण आटोपून दहा दिवस झाले की आम्ही निघणार होतो. गावपळणीची तारीख आधी काढून विमानाचं तिकीट घेणारी मी गावातली पहिलीच. दुसरी अजून झालेली नाही.

कौलाच्या दिवशी बाबा देवळात होते. आमच्या घराला मान आहे. कौल लागताना आमचा माणूस गाभाऱ्यासमोर असावाच लागतो. गुरवाने देवाच्या अंगावर ओल्या कळ्या लावल्या, एकेक दिवस विचारला. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माझ्या दिवसाला डावी पडली. पुढच्याला डावी. असं करत करत देवाने जो दिवस उजवा दिला, त्याच्यापासून मोजलं तर चौथा दिवस म्हणजे आमच्या गाडीचा दिवस. सकाळी कौल झाला तर गाव परत येणार, आणि दुपारी एकला कुडाळहून आमची गाडी.

मी हबकले, पण क्षणभरच. मग म्हटलं, अडचण काय आहे? बॅगा झोपडीत न्यायच्या आणि तिथूनच निघायचं. कौल होवो न होवो, आम्ही तर शिवेबाहेरच असणार. गावात ही गोष्ट पसरली तेव्हा जो तो थांबवून विचारायचा, तुमची शीव ह्या वेळी मलेशियापर्यंत वाढवली काय? आई लाजायची, पण लाजताना खूश दिसायची.

ठरल्या दिवशी गाव निघालं. गाडीवर चूल, तांदूळ, चटया, टोपलीत कोंबड्या, मागे म्हैस, आणि सगळ्यांत वर आमच्या दोन नव्या कोऱ्या चाकांच्या बॅगा. बॅगांना घातलेली पिशवी आईने काढू दिली नव्हती. शेजारच्या झोपडीतल्या बायका त्या बघायला यायच्या. भावाने चाकं फिरवून दाखवायची आणि त्यांनी मान डोलवायची, असा दीड दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेवटची यादी करत होते. तिकिटांचे कागद, व्हिसा, औषधं. मी म्हटलं, आये, पासपोर्ट दे. आई चुलीपुढे बसली होती. तिने फुंकणी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

पासपोर्ट देव्हाऱ्यात होते. ते आले त्याच दिवशी तिने चारही पासपोर्ट देवांच्या पायाशी, ताम्हणाखाली ठेवले होते, कारण घरात त्याहून सुरक्षित जागा नाही. आणि गावपळणीत आम्ही घरातलं सगळं हलवतो, फक्त देव हलवत नाही. ते दिवस त्यांचेच असतात. निघताना आईने कुलपं लावली, देवाला हात जोडले आणि नेहमीप्रमाणे त्यांना तिथेच राहू दिलं. त्यांच्या पायाखालच्या मलेशियासकट.

मला रडू आलं ते रागानेच आलं. घर दीड किलोमीटरवर होतं. झाडांमधून आमच्या घराचं कौलारू टोक दिसत होतं. पण शिवेच्या आत पाऊल टाकायचं नाही, आणि भाऊ म्हणाला मी हळूच जाऊन येतो, तेव्हा आईच त्याच्यावर कडाडली. मग तिसऱ्या दिवशी मी बाबांना धरलं. चौथ्या दिवशी सकाळी गुरव आणि मानकरी तेवढे कौल लावायला देवळात जाणार होते. देवळापासून आमचं घर दोनशे पावलांवर. मी म्हटलं, येताना जरा वाकडी वाट करा. बाबांनी विडी विझवली.

"मी थंय मानकरी म्हणान जातंय गो बाय, हमाल म्हणान नाय."

मी त्यांच्याशी बोलायचं बंद केलं. आईशी तर आदल्या दिवशीपासूनच बंद होतं. संध्याकाळी पाहिलं तर ती झोपडीमागे म्हशीच्या मानेवर हात ठेवून उभी होती आणि तिच्या गालांवर पाणी होतं. मी जवळ गेले तर म्हणाली, धूर गेला डोळ्यांत. चूल पुढच्या बाजूला होती. माझा सगळा राग तिथेच उतरला. आता एकच गोष्ट हवी होती, की उद्या कळी उजवी पडू दे. मी पदवीधर बाई, मनातल्या मनात देवाला म्हणत होते, माझा कागद चुकला, पण तिची होडी चुकू देऊ नकोस.

सकाळी आठला मानकरी आत गेले. अख्खं गाव शिवेवर उभं. एव्हाना आमच्या पासपोर्टची गोष्ट साऱ्या गावाला पाठ झाली होती, त्यामुळे नेहमी घरच्या ओढीने उभी असणारी माणसं त्या दिवशी आमच्या गाडीच्या वेळेसाठी उभी होती. जो तो घड्याळ बघत होता. नऊ वाजता एक मानकरी सायकलवरून परत आला. कळी डावी पडली होती. देव म्हणतो, काहीतरी राहिलं आहे, त्याने सांगितलं.

 आईच पुढे झाली. म्हणाली, माझंच राहिलं आहे. देवाच्या पायाशी वस्तू ठेवली आणि त्याला सांगितलंच नाही कशासाठी, नारळही दिला नाही. तिने आमच्या झोपडीतला सोललेला नारळ आणून सायकलवाल्याच्या हातात दिला. तो परत आत गेला. पुढे देवळात काय झालं ते बाबांनी आगगाडीत सांगितलं. गुरवाने नारळ ठेवला, हात जोडले आणि गावासाठी देवाकडे मागायचं नेहमीचं गाऱ्हाणं संपवून पुढे म्हणाला,

"तुझ्या भरवशार ह्या लेकीन आपले कागद ठेयलेले आसत, ते तिचे तिका दी, आणि तिची होडी बरी चालव रे म्हाराजा."

आणि सगळे मानकरी, त्यात माझे होडीला हसणारे बाबा, एका आवाजात म्हणाले, व्हय म्हाराजा.

साडेदहाला नगारा वाजला. कळी उजवी पडली होती. पहिल्या वेळी ती जास्त ओली असणार, असं मी आजही म्हणते, आणि आई आजही ऐकून घेते.

एरवी नगारा वाजला की गाव गुरांच्या चालीने सावकाश आत शिरतं. त्या दिवशी सगळे बाजूला झाले आणि आईला म्हणाले, तू धाव. आणि आई धावली. पन्नाशीला आलेली, ओचा खोचलेली, चपला हातात घेतलेली माझी आई त्या लाल रस्त्यावरून सुसाट धावत होती, मागून भाऊ, मग कुत्रा, मग मी, आणि पाठीमागे गाव शिट्ट्या मारत होतं. आम्ही गाडी सुटायला वीस मिनिटं असताना कुडाळला पोचलो. डब्यात बसल्यावर कळलं की टोपलीतली एक कोंबडी रिक्षातून स्टेशनपर्यंत आली होती. ती रिक्षावाल्याबरोबर परत गेली.

मलेशियात आम्ही कोणते मनोरे पाहिले, ते फोटो बघितल्याशिवाय मला सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी पार्क उघडायच्या आधी तासभर आम्ही दारात होतो. एकदा तिकीट काढलं की दिवसभर काहीही कितीदाही, हे कळल्यावर आई दुसऱ्या कशाकडे वळलीच नाही. ती सर्वांत पुढे बसली. होडी वर चढू लागली तेव्हा बाबांनी समोरचा दांडा धरला, डोळे मिटले आणि खरोखरच गाऱ्हाणं सुरू केलं, बा देवा म्हाराजा... आम्ही टोकावर आलो. आईने दोन्ही हात वर केले आणि त्या सगळ्या परक्या मुलखाला ऐकू जाईल असं ओरडली, व्हय म्हाराजा. पुढचं मला फक्त पाणी आठवतं.

ती अकरा वेळा बसली. बाबा एकदाच, मग बाकावर आमच्या चपला सांभाळत कुळथाच्या वड्या खात बसले.

संध्याकाळी पार्क बंद व्हायची घोषणा झाली. पाळणे थांबले. मुलं कडेवर, पिशव्या हातात, अशी हजारो माणसं एका दारातून बाहेर पडू लागली. आम्हीही निघालो. दाराबाहेर आल्यावर आई थांबली आणि मागे वळून बघत राहिली. आत एक माणूस नव्हता. दिवे चालू होते, पाणी वाहत होतं, आणि उताराच्या माथ्यावर एक रिकामी होडी डुलत उभी होती. तिने ओल्या पदरानिशी हात जोडले.

"चला," ती म्हणाली. "आता देव बसतले होडयेत."