उताराआधी थांबणारे नाना

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि घरच्या माणसाबद्दल छापील पानावर लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, हे मला कळत नाही. वाचकांनी हे धाडस पोटात घालावं. नाना गेल्याचं कार्ड वसतिगृहावर आलं तेव्हा पाच दिवस उलटले होते... सगळं उरकलं होतं.

नाना माझे चुलते. वडील लवकर गेले, तेव्हा शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या आमच्या गावात नाना-काकूंनीच मला वाढवलं. नानांची नोकरी कसाऱ्याच्या घाटात, रुळांच्या सांध्यावर. घाट उतरणाऱ्या गाडीनं तिथं आधी उभं राहायचं, शिटी द्यायची, मगच नाना सांधा बदलून तिला खालची वाट देत. न थांबणारी गाडी बाजूच्या चढावरच्या आंधळ्या रुळावर जाई आणि तिथंच अडकून पडे. हाच नियम ते गावातही चालवत. उतार आला की बैलगाडी उभी करायची, खाली उतरून, चाक निसटू नये म्हणून आसाला घातलेल्या खिळी बघायच्या. एकदा नवरीची गाडीसुद्धा त्यांनी अशी थांबवली होती. काकू म्हणे, "माझ्या लग्नाआधी कसे नाय थांबले, तेवढं इचारा त्यांना."

जर्मनीशी लढाई सुरू झाली त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात नाना नोकरीतून मोकळे झाले. हाती रेल्वेचा शेवटचा फुकट पास होता. "तीस वरसं लोकांना डोंगर उतरवले. आता आपून एक चढू रे," म्हणाले. थर्ड क्लासनं आम्ही दोघं पठाणकोटला पोचलो, तिथून कांगड्याची खेळण्यासारखी छोटी गाडी धरली. मी खिडकीतून बर्फाकडे बघत होतो, आणि नाना प्रत्येक ठेसनात उतरून सांधेवाल्याशेजारी बसत. त्याची भाषा यांना येईना, यांची त्याला. तंबाखू मात्र दोघं वाटून खात. परत येऊन मला म्हणत, "आपल्या माहुलीच्या डोंगरापेक्षा उंच हाये खरा. पण सांधा आपल्यासारखाच."

जोगिंदरनगरला रूळ संपले. पुढं प्रवासी मोटार. माझ्या शेजारी लाहोरच्या कॉलेजातला एक मुलगा बसला होता. त्याच्याशी मी आयुष्यात पहिल्यांदाच तासभर इंग्रजीत बोललो, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. माथ्यावर ड्रायव्हरनं पेट्रोल वाचवायला इंजिन बंद केलं आणि मोटार तशीच उतारावर सोडली. मागच्या बाकावरून नाना उठले. पत्र्यावर छत्री आपटून मराठीतच ओरडले, "उभी कर रे आधी. चाक बघ, मग सोड." सगळी मोटार हसू लागली. त्या मुलानं मला विचारलं, हे तुमच्याबरोबर आहेत का? मी मान हलवली. नाही. आणि तोंड खिडकीकडे फिरवलं... फिरवताना नानांची नजर माझ्यावर आहे, हे मला दिसलं.

वैतागून ड्रायव्हरनं ब्रेक लावला. नाना उतरले, चारही चाकं पाहिली. कशातच काही बिघाड नव्हता. वर येऊन म्हणाले, "आता जाऊ दे."

मुक्कामाला पोचल्यावर माझी वळकटीही त्यांनीच उचलली. त्या प्रसंगाबद्दल एक शब्द बोलले नाहीत, ना परतीच्या वाटेवर, ना नंतर. मी क्षमा मागायचं दर सुट्टीत ठरवी, आणि दर सुट्टीत भात खाऊन झोपी जाई. त्यांना काय समजलं असेल, हे आता कुणाला विचारणार?

परवा गावी गेलो. आसनगावच्या ठेसनावर शेजारचा गोमा बैलगाडी घेऊन आला होता. गावाअलीकडच्या उतारावर त्यानं न सांगता बैल थांबवले आणि खाली वाकून खिळी पाहिल्या. मी म्हटलं, "गोमादादा, अजून थांबतोस?"

"थांबल्याबिगर बैलच उतरत नाय," तो म्हणाला. मग कासरा हातात घेत हसला. "आन् तू रे? तुमी त्या बर्फाच्या मुलखात गेलेले, तवा मोटार तूच थांबवलीस ना? नाना साऱ्या गावाला सांगायचे. माझं कोन ऐकतंय, म्हनायचे, पोरगा उठला, साहेबाच्या भाषेत बोलला, तवा उभी रायली."