शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत

शेवंताताई गजभिये यांची आणि माझी पहिली भेट नागपूर स्टेशनच्या फलाटावर झाली, आणि मी तेव्हा चांगलाच वैतागलेला होतो. सीताबर्डीवरच्या आमच्या प्रवासी कचेरीत मी नुकताच लागलो होतो. परदेशी पाहुण्यांना मद्रासच्या गाडीत बसवून झाले होते, गाडी हलली होती, हमालही पांगले होते. तरी आमच्या दुभाषी बाई जागच्या हलेनात. "ताई, गाडी गेली," मी म्हणालो.

"गेली नाही गा, जाऊन राहिली," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्याईले खिडकीतून कोणीतरी दिसलं पाहिजे."

शेवटचा डबा सिग्नलपलीकडे दिसेनासा झाला, तेव्हाच त्या वळल्या. पुढे इतकी वर्षे त्यांच्याबरोबर काम केले, पण हा नेम मोडलेला मी पाहिला नाही.

नागपूर म्हणजे गाडी बदलायची जागा, असे आपणच आपल्या गावाला हिणवतो. ताईंनी मात्र इथे उतरलेल्या प्रत्येकाला पाहुणा मानले. मिशनच्या दवाखान्यात परिचारिका असताना त्या इंग्रजी शिकल्या. छप्पन साली पांढरे लुगडे नेसून त्यांनी धम्मदीक्षा घेतली. पुढे दीक्षाभूमीच्या दर्शनाला सिलोन, ब्रह्मदेश, जपान इथून माणसे येऊ लागली आणि कचेरीने ताईंना बोलावून घेतले. सिलोनच्या बायका आणि आपल्या वस्तीतल्या बायका विहारात शेजारी बसून एका सुरात त्रिशरण म्हणत, तेव्हा दुभाषाला कामच उरत नसे. ताईही मग त्यांच्यात बसून म्हणू लागत.

आम्हा नव्यांना त्या एकच गोष्ट शिकवीत. "पाव्हणा काय बोलून राहिला ते मंग. आधी तो कोठी पाहून राहिला ते पाय." मी मान डोलवायचो. त्याचा अर्थ मला नरखेड तालुक्यातल्या एका संत्र्याच्या बागेत कळला.

सिलोनहून आलेल्या बायकांना आम्ही ती बाग दाखवायला नेले होते. एका आजींना बस लागली, म्हणून ताई त्यांच्यापाशी बसमध्येच थांबल्या आणि बाकीच्यांना घेऊन मी पुढे गेलो. तीर्थयात्रेला निघालेल्या या साऱ्याजणी पांढऱ्या साड्यांत होत्या, कपाळे मोकळी. बागेच्या मालकीणबाई, मैनाबाई, पाणी घेऊन ओसरीवर आल्या आणि तांब्या हातात तसाच राहिला. "अवं माय! येवढ्या साऱ्या? कोणतं आभाळ कोसळलं गा भाऊ याईच्यावर?" आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मैनाबाई रडताहेत हे पाहून पाहुण्यांना वाटले, याच घरात कोणी गेले असावे. त्यांनी माना खाली घातल्या, दोघीतिघींनी हात जोडले. दोन्हीकडच्या बायका एकमेकींसाठी हळहळत होत्या आणि मी मध्ये खांबासारखा उभा! मला काही म्हणजे काही उमगेना.

एवढ्यात ताई आल्या. त्यांच्या एका नजरेत सारा घोटाळा आला. मी म्हणालो, "सांगा ना ताई काहीतरी!" पण त्या पाहत होत्या पाहुण्यांतल्या कुसुमाबाईंकडे. एका अंगाला उभ्या असलेल्या कुसुमाबाईंचा हात मैनाबाईंनी धरला होता आणि कुसुमाबाई हुंदके देऊन रडत होत्या. त्यांचे यजमान आदल्या वर्षीच गेले होते. सबंध प्रवासात त्या हसतमुख होत्या.

"थांब गा," ताई हलकेच म्हणाल्या. "रडू दे तिले. मंग सांगू."

बऱ्याच वेळाने त्यांनी मैनाबाईंना समजावले, "बाई, याईच्याकडं तीर्थाले पांढरंच नेसतेत. बहुतेकींचे धनी घरी मजेत आहेत." मैनाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि सगळ्यांत हशा पिकला. मग कुसुमाबाईंकडे पाहत मैनाबाईंनी हळूच विचारले, "आन् हे?" ताई म्हणाल्या, "हिचा गेला." मैनाबाई उठल्या, संत्र्यांची टोपली घेऊन आल्या. सवाष्णी सोडून कोणाची ओटी भरत नाहीत, हे त्यांना मी सांगायला नको. "पदर पसर वं," त्या म्हणाल्या आणि पहिली ओटी त्यांनी कुसुमाबाईंची भरली.

त्या दिवसापासून कुसुमाबाई आणि ताई यांचे मैत्र जुळले. कुसुमाबाईंचे घर समुद्राला लागून आहे. 'आता तुम्ही या,' हे त्यांचे दरवर्षीचे बोलावणे. ताईंनी समुद्र कधी पाहिला नाही. भेटेल त्या पाहुण्याला त्या विचारत, समुद्राचा आवाज घरात निजल्यावरही ऐकू येतो का? आणि जायचे म्हटले की, "हंगाम आहे गा, पाव्हण्याईले सोडून कशी जाऊ?" असा एकही हंगाम मला आठवत नाही, ज्यात ताईंचे मन एकदा तरी त्या किनाऱ्यावर जाऊन आले नसेल. माझी बहीण सासरी आसामला निघाली, तेव्हा फलाटावर आईचा हात धरून ताई उभ्या राहिल्या. सगळ्यांना निरोप देणाऱ्या या बाईंना मात्र कुठल्याच गाडीत बसता आले नाही, याची मला फार खंत वाटते.

यंदा कुसुमाबाईंनी कळवले की पायांनी साथ सोडली, आता नागपूरला येणे होणार नाही. ताईंनी ते पत्र दिवसभर जवळ बाळगले. संध्याकाळी म्हणाल्या, "काहून थांबले गा मी इतके दिवस?"

ताई, आज तुम्हाला साठ वर्षे पूर्ण होत आहेत. शंभरी गाठा, गुडघे शाबूत राहोत, हे तर आहेच. पण आम्ही स्नेह्यांनी तुमच्या सिलोनला कुसुमाबाईंकडे जाण्याची सारी व्यवस्था केली आहे. हंगामाचे आम्ही पाहू. संत्री मैनाबाई बांधून देणार आहेत. समुद्र डोळे भरून पाहा, मैत्रिणीजवळ हवे तितके राहा. फक्त परत या, कारण तुमच्याविना हे गाव पुन्हा गाडी बदलायची जागा होईल. आणि मद्रासची गाडी हलली की खिडकीतून मागे पाहा. शेवटचा डबा सिग्नलपलीकडे जाईपर्यंत आमच्यातले कोणीही हलणार नाही.