दादाला वाटलं, पोरगी जीनवर चालली

परवा रविवारी पिंपळगाव रेणुकाईला माहेरी गेले होते. घरात शिरले तर दादा आणि त्याची लेक ऋतुजा एकमेकांशी बोलत नव्हते... म्हणे आठ दिवसांपासून.

ऋतुजा बीएस्सी झाली. तिला पुढे एमएस्सी करायचीय, तेही जीन एडिटिंग शिकायला. फॉर्मची शेवटची तारीख सोमवार, आणि दादा सहीच करेना.

मी कारण विचारलं तर म्हणाला, "एवढं शिकवलं अन् ही जीनवर जाऊन राह्यली. त्या धुरळ्यात खोकून मरायचं का तिनं?"

मला कळायलाच वेळ लागला. आमच्याकडे कपाशीचे ट्रॅक्टर जिथं रिकामे होतात, सरकी वेगळी होऊन गाठी बांधल्या जातात, त्या कारखान्याला जीन म्हणतात. दादाला वाटलं, लेक तिथं कामाला निघाली... आणि लेकीला वाटलं, बापाला शिक्षणच नकोय. आठ दिवस दोघं फुगून बसलेले.

असं हसलो आम्ही, की वहिनीच्या हातातली परात पडायची बाकी होती. दादाही हसला, जरा ओशाळून. मला वाटलं, मिटलं.

कुठलं काय... दादानं मोबाइल काढला आणि गावाच्या ग्रुपवर विचारलं, जीन एडिटिंग म्हणजे काय? पंधरा मिनिटांत फॉरवर्डचा नुसता पाऊस. टोमॅटोत मासा घालतात. ते खाल्लं की लेकरंबाळं होत नाहीत. आता माणसंपण ऑर्डर देऊन बनवणार. विचारायची खोटी, गावात सगळेच शास्त्रज्ञ निघाले.

दादा एकेक मोठ्यानं वाचत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता. शेवटी म्हणाला, "हे पापाचं काम हाय. फॉर्म भरू नको."

ऋतुजाचे डोळे भरले. माझं डोकं असं तापलं की मी ग्रुपवर भलामोठा मेसेज टाइप केला, मग खोडला, मग परत केला. त्यातल्या अर्ध्या गोष्टी मलाही कळत नव्हत्या, हे आता कबूल करते.

तेवढ्यात वहिनीनं पदराला हात पुसले आणि दादाच्या हातातून फोन घेतला. वहिनी कित्येक वर्षं शेडनेटमध्ये मिरचीच्या बियाण्याचं क्रॉसिंग करते. ग्रुपवर तिचा आवाज आजवर कुणी ऐकलेला नाही. तिनं माइकचं बटण दाबून धरलं आणि शांतपणे बोलली.

"भाऊ, मी ऋतुजाची आई बोलून राह्यले. आपल्या समद्यांच्या शेडनेटात बाया रोज चिमट्यानं कळीतला नर काढतात अन् दुसऱ्या झाडाची पूड लावतात. तवा कोणी न्हाई म्हणलं का हे पाप हाय. माझी लेक बी चिमटाच धरायला शिकून राह्यली. फक्त तिचा लय बारीक हाय."

मला तर नाचावंसं वाटत होतं...

ऋतुजा मात्र डोळे पुसत म्हणाली, "आई, थोडं वेगळं हाय ते." मग तिनं समजावलं. क्रॉसिंगमध्ये दोन झाडं एकमेकांत मिसळतात. तिच्या कामात बऱ्याचदा झाडाच्या स्वतःच्याच जीनमध्ये, म्हणजे गुण ठरवणाऱ्या भागात, एका ठिकाणी नेमका बदल करतात.

दादा ऐकत होता. मग त्यानं विचारलं, आणि मला वाटतं मनातलं खरं तेच होतं, "मंग ते बियाणं कोणाचं राहणार? आपलं का कंपनीचं? अन् पुढं त्यानं काही वाकडं झालं तर?"

ऋतुजा म्हणाली, "मला माहीत न्हाई, पप्पा. तेच शिकायला जायचंय."

मला वाटलं, अगं बाई, काहीतरी ठोकून द्यायचं ना... आता गेलं सगळं.

दादानं वहिनीच्या हातातला फोन घेऊन उपडा ठेवला. म्हणाला, "इतके लोक बोलले त्या ग्रुपात. मला माहीत न्हाई असं एकानं बी म्हणलं न्हाई. तू बराबर शिकशील. आण तो फॉर्म."

सही केली, आणि "फोटो नीट लावला का?" हेही तीनदा विचारलं. फॉर्म गेल्यावर ऋतुजा अंगणभर उड्या मारत होती आणि मीही, या वयात...

शाळेत शिकवते मी, सतरा वर्षं झाली. "माहीत नाही" म्हणणाऱ्या पोरांना आजवर बाकावर उभं करत आले.

थँक्यू ऋतुजा. आता ती पोरं बसतील.